भरलेला तलाव आणि जिवंत तलाव

पावसाळा सरत आला आणि सांडव्यावरून पाणी वाहू लागले, की 'तलाव भरला' असे गावात समाधानाने म्हटले जाते. हे समाधान रास्तच आहे. धानाचे शेवटचे पाणी, गुरांचे पिणे, विहिरींचे झरे अशा कितीतरी गोष्टी त्या भरण्यावर अवलंबून असतात. परंतु तलाव भरलेला असणे आणि तलाव जिवंत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काठोकाठ भरलेल्या तलावात मासा नसावा, कमळ नसावे, पाखरू उतरू नये, असे घडू शकते. उलट उन्हाळ्यात निम्मा आटलेला तलाव जीवजंतूंनी गजबजलेला असू शकतो. हा भेद ध्यानी न आल्यामुळे तलाव सुधारण्याच्या हेतूने केलेली कामेही कधी कधी तलावाला बाधक ठरतात.

परिसर अभ्यासाच्या पाठात पाणी, वनस्पती, प्राणी आणि हवामान हे विषय निरनिराळे शिकविले जातात. गावचा तलाव हे असे ठिकाण आहे, की जेथे हे सर्व विषय एकत्र येतात. आणि तो बहुधा शाळेपासून हाकेच्या अंतरावर असतो. गोड्या पाण्याच्या तलावातील जीवसृष्टी कशी रचलेली असते, सभोवतीची परिस्थिती पालटली म्हणजे ती कशी बिघडते, आणि ती पुन्हा कशी उभी करता येते, हे पूर्व विदर्भातील तलावांच्या उदाहरणाने येथे मांडले आहे. इतर जिल्ह्यांतील शिक्षकांनी आपापल्या गावचा तलाव, पाझर तलाव किंवा बंधारा डोळ्यांपुढे ठेवून ते पडताळून पाहावे.

पूर्व विदर्भातील मामा तलाव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा महाराष्ट्रातील तलावांचा मुलूख होय. या भागातील जुन्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. हे नाव ऐकून मुलांना हसू येते. पण ते 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेले आहे. असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. यांखेरीज शेतकऱ्यांच्या स्वतःच्या शेतात लहान तळी असतात, त्यांना बोडी असे नाव आहे.

वैनगंगेच्या खोऱ्याच्या या भागात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस पुष्कळ, परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. धानाच्या लोंब्या भरू लागतात त्या वेळी पावसाने पाठ फिरविली, तर हातातोंडाशी आलेला घास जातो. या अडचणीतून येथील तलाव निर्माण झाले. दोन टेकड्यांमधील सखल जागा हेरून तिला मातीची पाळ घालावयाची, वरचे पाणी अडवावयाचे आणि मोरीतून ते खालच्या बांध्यांना द्यावयाचे, ही त्यांची साधी रचना होय. गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्यांना जमिनी देऊन उत्तेजन दिले, अशी परंपरा सांगितली जाते. या कामात कोहळी समाजाचा मोठा लौकिक होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणून करून दिलेली आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. कोलासूर देव म्हणून त्यांची आजही तेथे पूजा होते.

मालगुजारीच्या काळात पाळीची दुरुस्ती, मोरीची देखभाल आणि पाण्याची वाटणी यांची जबाबदारी कोणावर, हे ठरलेले असे. त्या पद्धतीत जुलूम होता, विषमता होती. ती गेली हे योग्यच झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारकडे आले. पुढे जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांपैकी पुष्कळसे परिषदांच्या ताब्यात देण्यात आले. मालकी बदलली, परंतु दरसालच्या देखभालीची गावातली घडी मोडली, ती पुन्हा नीट बसली नाही. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अशी पुष्कळ तलावांची गत झाली. पाळी खचल्या, पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, काठच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली. हे नुकसान डोळ्यांना दिसते. पाण्याच्या आत झालेले नुकसान मात्र सहसा दिसत नाही, आणि तेच येथे समजून घ्यावयाचे आहे.

तलावातील जीवसृष्टीची रचना

तलावातील सर्व जीवनाचा पाया सूर्यप्रकाश हा आहे. पाण्यात प्रकाश जितका खोल पोहोचतो, तितक्याच खोलीपर्यंत वनस्पती अन्न तयार करू शकतात. म्हणून वनस्पतींचे पट्टे काठापासून आत क्रमाक्रमाने लागतात. काठच्या ओल्या जमिनीत गवते, लव्हाळे आणि देवधान म्हणून ओळखला जाणारा रानटी भात असतो. त्यापुढे, मुळे चिखलात आणि पाने पाण्यावर, अशी कमळ व कुमुद यांसारखी झाडे येतात. त्याहून आत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या संपूर्ण बुडून राहणाऱ्या वनस्पती असतात. गावोगावी त्यांची नावे निराळी आहेत. ती मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहून आणावीत. शेवटी, साध्या डोळ्यांना एकेक करून न दिसणारी, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म हिरवी शैवाले सर्व तलावभर पसरलेली असतात.

ही सूक्ष्म शैवाले पाण्यातील पिसवांसारखे बारीक जीव खातात. त्या जीवांवर लहान मासे व माशांची पिल्ले जगतात. लहान माशांवर मोठे मासे आणि बगळे, पाणकावळे यांसारखे पक्षी जगतात. जे मरते ते तळाशी जाते, आणि तेथील जिवाणू व अळ्या त्याचे पुन्हा मातीत व क्षारांत रूपांतर करतात. ही साखळी पाठ्यपुस्तकात दिलेली असते. परंतु बुडालेल्या वनस्पतींचे या साखळीतील स्थान मात्र बहुधा सांगावयाचे राहून जाते. त्या केवळ कोणाचे तरी अन्न नाहीत. त्यांची मुळे तळाचा चिखल धरून ठेवतात, म्हणून पाणी नितळ राहते. त्या पाण्यातील क्षार शोषून घेतात, म्हणून सूक्ष्म शैवाले बेसुमार वाढत नाहीत. दिवसा त्या पाण्यात प्राणवायू सोडतात. त्यांच्या पानांवर गोगलगायी आणि किडे राहतात, आणि त्यांच्या गुंत्यात माशांची पिल्ले शत्रूपासून लपतात. घराला जसे वासे आणि भिंती, तशा तलावाला या वनस्पती होत.

मरळ माशाचे उदाहरण मुलांना आवडण्यासारखे आहे. मरळ वनस्पतींच्या दाटीत थोडी जागा मोकळी करून अंडी घालतो आणि नर त्या अंड्यांची व पिल्लांची राखण करतो. वनस्पतीच नसल्या तर हे घरटे कोठे व्हावयाचे? कमळपक्षी पाण्यावरील पानांवर अंडी घालतो. सारस पक्षी उथळ पाण्यात गवत व पाणवनस्पती रचून मोठे घरटे बांधतो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात व त्याच्या आसपास उरला आहे, आणि तोही मोजक्याच संख्येने. अशा रीतीने मासा, पक्षी आणि वनस्पती यांचे भवितव्य एकाच धाग्यात गुंफलेले आहे.

पाण्याचा चढउतार

आपल्याकडील तलावाची पातळी वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यात पाणी चढते आणि काठची गवताळ जमीन बुडते. या उथळ, उबदार पाण्यात मासे अंडी घालावयास येतात. पहिल्या पावसात चढणीचे मासे उथळ पाण्याकडे धाव घेतात ते याचसाठी. हिवाळ्यापासून पाणी ओसरू लागते. ओसरलेल्या पाण्यामागे उघडा पडलेला चिखल उन्हाने तडकतो, त्यात हवा शिरते, कुजलेला पाला लवकर जिरतो आणि मातीत पडून राहिलेले बी रुजते. याच वेळी पाणथळीचे लांब पायांचे पक्षी चिखलातील किडे टिपण्यास उतरतात.

मरळ, शिंगी आणि मागूर या माशांना पाण्याबाहेरील हवेतूनही प्राणवायू घेता येतो. म्हणून उन्हाळ्यातील थोड्या, गढूळ पाण्यात ते तग धरतात. मरळ तर ओल्या चिखलातही काही काळ जगतो. आटणाऱ्या तलावात राहण्याची ही तयारी निसर्गाने त्यांच्या शरीरातच करून ठेवली आहे. सारांश, पाण्याचे ओसरणे ही सर्वस्वी आपत्ती नव्हे. ठरलेल्या ऋतूत होणारा चढउतार हा तलावाचा श्वासोच्छ्वासच होय. तो अवेळी होऊ लागला किंवा थांबला, म्हणजे तलाव आजारी पडतो.

बिघाडाची कारणे

पहिले कारण गाळ हे होय. तलावाच्या वरच्या बाजूला जी जमीन त्याला पाणी पुरविते, तिला पाणलोट क्षेत्र म्हणतात. तेथील झाडझाडोरा गेला, उताराची जमीन उघडी पडली, म्हणजे पावसाबरोबर माती वाहून येते. या मातीमुळे तलावाची पाणी साठविण्याची शक्ती घटते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिचा दुसरा परिणाम तितकाच गंभीर आहे. गढूळ पाण्यात प्रकाश खोल जात नाही. बुडालेल्या वनस्पती अन्न न मिळाल्याने मरतात. त्यांनी धरून ठेवलेला चिखल मोकळा होतो. वाऱ्याच्या लाटांनी तो ढवळला जाऊन पाणी अधिकच गढूळ होते. एकदा हे चक्र सुरू झाले, म्हणजे पुढे वरून येणारी माती थांबविली तरी पाणी आपोआप नितळ होत नाही. ही बाब नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे येणाऱ्या उपायाचे मर्म तिच्यातच आहे.

दुसरे कारण खतांचे व सांडपाण्याचे क्षार हे होय. शेतात घातलेल्या रासायनिक खताचा जो भाग पिकाला लागत नाही, त्यातील पुष्कळसा पाण्याबरोबर तलावात येतो. त्यात गोठ्यांचे व घरांचे सांडपाणी मिळते. यातील स्फुरदाचे कार्य किती प्रभावी आहे, हे दाखविणारा एक प्रयोग जगभर प्रसिद्ध आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली काही सरोवरे आहेत. तेथे १९७३ साली डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सरोवराचे मध्ये पडदा लावून दोन भाग केले. एका भागात त्यांनी कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि त्यांच्या जोडीला स्फुरद घातले. पहिला भाग होता तसाच राहिला. दुसरा भाग शैवालाने हिरवागार झाला. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या दोन्ही बाजूंचे निरनिराळे रंग स्पष्ट दिसतात. ते सरोवर थंड प्रदेशातील आणि आपले तलाव उष्ण प्रदेशातील, हे खरे; तरी स्फुरद मिळाले की शैवाल माजते, हा धडा दोन्हीकडे सारखाच उपयोगी आहे.

हिरवे पाणी पाहून तलाव समृद्ध झाला असे वाटते. परंतु हे दाट शैवाल प्रकाश अडविते, आणि खालच्या वनस्पती मरतात. रात्री प्रकाश नसताना शैवाले स्वतःच प्राणवायू वापरतात. मेलेले शैवाल तळाशी कुजताना जिवाणूही तो वापरतात. त्यामुळे रात्र संपता संपता पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी उरतो. भल्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर त्याचा अर्थ हा असतो.

तिसरे कारण बाहेरून आलेल्या वनस्पती आणि मासे हे होय. बेशरम ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील वनस्पती. तिच्या कांडीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी ती रुजते. तिची पाने विषारी असल्याने गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. कुंपणासाठी लावलेली ही झुडपे तलावांच्या काठांवर पसरली आणि देवधान व गवते यांची जागा त्यांनी घेतली. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतून आलेली तरंगती वनस्पती क्षारांनी भरलेल्या पाण्यात झपाट्याने वाढते आणि सारा पृष्ठभाग झाकून टाकते. मग खाली ना प्रकाश, ना हवा.

माशांच्या बाबतीत थोडा विवेक करावा लागतो. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओरिसात कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून रोहू, कटला आणि मृगळ यांचे बीज मुबलक मिळू लागले व गावोगावच्या तलावांत ते सोडले जाऊ लागले. यामुळे मच्छीमारांना उत्पन्न मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु पुढे त्यांच्या जोडीला गवत्या मासा आणि सायप्रिनस हेही आले. गवत्या पाणवनस्पती खाऊन फस्त करतो. सायप्रिनस अन्न शोधताना तळाचा चिखल उकरतो. मर्यादित संख्येने, बंदिस्त मत्स्यतळ्यात हे मासे पाळणे निराळे, आणि जुन्या तलावात ते बेहिशेबी सोडणे निराळे. ज्या वनस्पतींवर स्थानिक मासे अवलंबून असतात त्याच नाहीशा झाल्या, तर दरसाल बाहेरून बीज विकत आणण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

चौथे कारण हवामानातील पालट हे होय. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांना सुमारे साडेसातच. उलट उष्णतेने माशांच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला, असे होते. पावसाची रीतही बदलली आहे. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे संशोधकांना आढळले. अशा एकाच मुसळधार पावसात वर्षाचा गाळ एका दिवसात तलावात येऊ शकतो. आणि दोन पावसांमध्ये मोठा खंड पडला, तर उथळ पाण्यात घातलेली अंडी कोरडी पडतात. हवामानाचा हा फरक एका गावाच्या हातचा नाही. परंतु ज्या तलावाचे पाणलोट क्षेत्र झाडाझुडपांनी झाकलेले आहे आणि ज्याच्या तळाशी वनस्पती आहेत, तो हा आघात अधिक चांगल्या रीतीने सोसू शकतो. अशक्त माणसाला साधा तापही जड जातो, तसाच हा प्रकार आहे.

खोलीकरण पुरेसे आहे काय?

तलाव गाळाने भरला, म्हणून गाळ काढावा, हा विचार सरळ आहे. पूर्वी उन्हाळ्यात शेतकरी तलावातील सुपीक गाळ गाड्या भरून शेतात नेत. हे काम थोडे थोडे आणि दरसाल होई. अलीकडे २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली, आणि आता गाळ काढण्यास यंत्रे उपलब्ध आहेत. पाणीसाठा वाढविण्यासाठी असे काम आवश्यक असते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो काम कसे करावयाचे याचा.

यंत्राने सर्व तलाव एका दमात सारखा खोल खणला, तर तीन गोष्टी घडतात. पहिली, वरच्या थरातील बी आणि कंद मातीबरोबर निघून जातात. देवधान, कमळ, कुमुद पुन्हा उगवण्यास काही उरत नाही. दुसरी, काठाचा मंद उतार जाऊन उभी कड तयार होते. माशांना अंडी घालण्यास आणि पाणपक्ष्यांना चरण्यास उथळ जागाच राहत नाही. तिसरी, पाणी खोल आणि गढूळ असल्याने तळापर्यंत प्रकाश जात नाही, आणि वनस्पती नव्याने लावल्या तरी धरत नाहीत. असा तलाव भरलेला दिसतो. परंतु तो मोठ्या हौदासारखा असतो. पाळीलगतचा भाग खोल करावा, वरच्या बाजूचा उथळ काठ शाबूत ठेवावा, आणि तलावाचा एखादा भाग न खणता राखून ठेवावा, म्हणजे तेथील बी व कंद इतरत्र पसरू शकतील. पाण्याचा साठा आणि जीवसृष्टी या दोहोंचे हित यात साधते.

तलाव पुन्हा जिवंत होतो

पूर्व विदर्भात तलावांवर पोट असणारा समाज म्हणजे ढिवर. त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. तलावातील स्थानिक मासे कमी होत गेले, तसे त्यांचे उत्पन्न आणि घरचे अन्न दोन्ही घटले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या परिसरात ढिवरांच्या संस्थांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मिळून या प्रश्नाचा शोध घेतला. ढिवर समाजातील वृद्धांना एक ज्ञान पिढीजात होते: कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने राहतो, कोणती वनस्पती खातो आणि कोठे अंडी घालतो. या ज्ञानाची वनस्पतिशास्त्राशी सांगड घालण्यात आली.

त्यातून निघालेला उपाय खर्चाचा नव्हता, कष्टाचा होता. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठची बेशरम मुळासकट उपटून काढण्यात आली. तळाची घट्ट झालेली जमीन नांगरून मोकळी करण्यात आली. दुसऱ्या चांगल्या तलावांतून हायड्रिलासारख्या बुडून राहणाऱ्या आणि इतर स्थानिक वनस्पती आणून त्या चिखलात लावण्यात आल्या. वनस्पती खाणारे मासे सोडण्यावर संस्थांनी स्वतःच बंधन घालून घेतले. या कामात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा होता. वनस्पती वाढल्या तसे पाणी निवळू लागले, स्थानिक मासे पुन्हा दिसू लागले, आणि पाणपक्षीही उतरू लागले.

या उदाहरणातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. पाणी गढूळ झाल्याने वनस्पती जातात, आणि वनस्पती गेल्याने पाणी गढूळ राहते, हे चक्र वर सांगितले आहे. केवळ पाणी वाढवून ते तुटत नाही. वनस्पती परत आणल्याने तुटते. आणि कोणती वनस्पती आणावयाची, हे सांगणारी माणसे गावातच असतात. त्यांतील पुष्कळांना लिहितावाचता येत नसेल. तथापि या विषयात ती शिकविणारी आहेत आणि शाळा शिकणारी आहे.

शाळेने करावयाचे काम

या पाठासाठी महाग साहित्याची गरज नाही. पुढील कामे चौथी ते सातवीच्या विद्यार्थ्यांकडून वर्षभरात करून घेता येतील. पाण्याजवळचे प्रत्येक काम शिक्षकाच्या समक्ष व्हावे, आणि कोणत्याही मुलास पाण्यात उतरू देऊ नये.

१. पाण्याची नितळता मोजणे. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली समुद्राच्या पाण्याची नितळता पांढरी तबकडी बुडवून मोजली. तीच रीत आजही जगभर वापरली जाते. वीतभर रुंदीच्या थाळीला पांढरा रंग द्यावा, खाली वजन बांधावे, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. मोरीच्या ओट्यावरून किंवा अशाच सुरक्षित जागेवरून शिक्षकाने ती हळूहळू पाण्यात सोडावी. थाळी दिसेनाशी होते ती खोली मुलांनी लिहून घ्यावी. दर महिन्याला, शक्य तो दुपारी त्याच वेळी, हे मोजमाप करावे.

२. पातळीची नोंद. पाळीच्या पायऱ्यांवर किंवा मोरीच्या भिंतीवर रंगाने खुणा करून दर पंधरवड्याला पाण्याची पातळी लिहावी. एका वर्षाच्या आकड्यांचा आलेख सातवीच्या मुलांनी काढावा.

३. तीन बरण्यांचा प्रयोग. काचेच्या तीन सारख्या बरण्यांत तलावाचे पाणी भरावे. पहिली तशीच ठेवावी. दुसरीत चिमूटभर स्फुरदयुक्त खत घालावे. तिसरीत तितकेच खत घालून हायड्रिलाच्या काही काड्या सोडाव्यात. तिन्ही बरण्या उजेडाच्या जागी दोन-तीन आठवडे ठेवून पाण्याच्या रंगातील फरक रोज पाहावा. अपेक्षेप्रमाणे फरक पडला नाही, तर तो का पडला नाही याचा विचार मुलांना करावयास लावावा. तोही विज्ञानाचाच पाठ होय.

४. वनस्पती, मासे आणि पक्षी यांची यादी. स्थानिक नाव, कोठे आढळते, कोणत्या महिन्यात आढळते आणि कोणी सांगितले, असे चार रकाने असावेत. गावातील मच्छीमार स्त्री-पुरुषांना शाळेत सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून माहिती घ्यावी. 'पूर्वी होते, आता दिसत नाही' अशी नावे निराळ्या पानावर लिहावीत.

५. पाणलोट क्षेत्राची फेरी. तलावात पाणी कोठून येते, त्या वाटेवर उघडी जमीन, सांडपाणी, बुजलेला नाला कोठे आहे, याचा साधा नकाशा मुलांनी काढावा.

या नोंदवह्या वर्षअखेर रद्दीत जाऊ देऊ नयेत. पाच-सहा वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्या, म्हणजे तलाव सुधारतो आहे की बिघडतो आहे, हे सांगणारा पुरावा गावाच्या हाती येतो. तलावाचे खोलीकरण, ठेका किंवा काठच्या जमिनीचा प्रश्न ग्रामसभेपुढे येईल, त्या वेळी शाळेची वही उघडून 'या काठाला देवधान आहे, येथे मरळ अंडी घालतो, हा भाग खणू नये' असे दाखविता येईल. मुलांनी गोळा केलेल्या माहितीला गावाच्या निर्णयात असे स्थान मिळाले, तर शिक्षणाचे चीज झाले असे म्हणता येईल.

पुढील पावसाळ्याअखेर सांडवा वाहू लागेल, तेव्हा वर्गात एवढे दोन प्रश्न विचारावेत: यंदा पाणी किती आले, आणि त्या पाण्यात कोण कोण राहते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सारे गाव देईल. दुसऱ्याचे उत्तर मुलांच्या वहीत असावे.